जवारीचं मशीन

“…मग वायरीचं घेऊ, की बॅटरीचं?”

परागनं मोबाईल चाचांसमोर धरला. पडद्यावर दोन मशिनं होती. मुठीत मावणारी, टोकाला बसवलेला दगड गरगर फिरवून घासणारी, कोरणारी.

बाबालालचाचा मिरजेत तंबोरे बनवत. पराग त्यांच्या हाताखाली शिकत होता. त्याचा हात चांगला होता, आणि ही बातमी गावभर त्यानंच पसरवली होती.

“वायरीचं,” चाचा म्हणाले. “बॅटरीचं वजन मनगटावर येतं. आणि वेग कमी करता येतो का ते बघ. हाड लवकर तापतं, करपतं.”

पराग खुलला. चाचा नाक मुरडतील म्हणून त्यानं वाद घालायची सगळी तयारी करून ठेवली होती. ती वाया गेली.

“कशाला वापरणार?”

“खुंट्यांना. नक्षीला. आणि… जवारीला.”

चाचांच्या हातातली कानस थांबली.

तंबोऱ्याच्या तारा ज्या हाडाच्या पट्टीवर टेकतात, ती घोडी. तिचा माथा जरासा घासायचा, तार लावायची, ऐकायचं. पुन्हा जरासा घासायचा. स्वर गुंजायला लागला की जवारी लागली. चाचांच्या दुकानात हे काम गाणाऱ्याला समोर बसवून, त्याला गायला लावूनच होई. मग तो कितीही घाईत असो.

“मशीननं जवारी काढून पाहिलीस कधी?”

“नाही… अजून नाही.”

“बरं. कलावतीबाईंचा तंबोरा घे खाली. येतीलच त्या न्यायला.”

परागनं तंबोरा उतरवला.

चाचांनी तार छेडली. ऐकली. पुन्हा छेडली… मग खांद्यावरच्या फडक्याचं टोक पाण्यात बुडवलं आणि घोडीवरून फिरवलं.

फडकं तांबूस झालं.

चाचांनी ते नाकाशी नेलं.

“कोरा चहा,” ते म्हणाले.

परागचे कान तापले. धरणीनं पोटात घेतलं तर बरं, असं त्याला झालं. नवी घोडी जुनी दिसावी म्हणून त्यानं ती रात्रभर कोऱ्या चहात बुडवून ठेवली होती. तेव्हा तर तो स्वतःच्या अकलेवर खूश झाला होता.

“जुनी कुठंय?”

परागनं ती खिशातून काढून चाचांसमोर ठेवली. टाकून देववली नव्हती. चाचांच्या वडिलांनी घडवलेली घोडी. कलावतीबाई तरुणपणापासून तिच्यावर गात आल्या होत्या. आता तिच्या मधोमध खड्डा पडला होता.

“मित्राचं मशीन आणलं होतं… वाटलं, मिनिटाचं काम आहे. बाईंना बोलावलंच नाही. सारखं कोण थांबून तार लावत बसणार, म्हणून घासत राहिलो… आणि तार लावली तेव्हा… चाचा, मी आत्ताही तुमच्याशी खोटं बोललो. लाज वाटते मला.”

चाचांनी खण उघडला आणि फडक्यात गुंडाळलेलं एक मशीन काढून त्याच्यासमोर ठेवलं. तसलंच. वायरीचं. हात लागून लागून गुळगुळीत झालेलं.

“तुम्ही… तुम्हीपण?”

“खुंट्यांना वापरतो.”

“मग मी मशीन घेऊच नको का?”

“असं कोण म्हणालं?”

बाहेर रिक्षा थांबली. कलावतीबाईंचा आवाज आला.

“बाबालाल, झाला का रे माझा तंबोरा?”

परागनं चाचांचा हात धरला. एवढा मोठा झालेला मुलगा, पण डोळे भरून आले होते.

“तुम्हीच सांगा ना त्यांना… तुमचं ऐकतील त्या.”

चाचांनी हात हळूच सोडवून घेतला. खड्डा पडलेली घोडी परागच्या तळहातावर ठेवली आणि त्याची बोटं एकेक करून तिच्यावर मिटली.

“कुठलं मशीन घेऊ, ते त्यांना विचार,” ते म्हणाले. “मूठ उघडून विचार.”