दोन पाड्यांमधली खांड

कोकणात खाडीकाठी कांदळखार नावाचे गाव होते. तिथल्या, खाडीचे खारे पाणी अडवणाऱ्या खारबांधावर झोपडी घालून गुप्तनाथ महाराज राहत असत, तेव्हाची ही गोष्ट. भाविकहो, गावाचे दोन पाडे होते, एक क्रुसाचा आणि एक मशिदीचा. दूर यरुशलेम नावाच्या पवित्र शहरासाठी त्याच्याही पाचशे वर्षे आधी दोन्ही धर्मांत लढाई पेटली होती. तिचे वैर फिरंग्यांच्या गलबतांत बसून इथवर आले. खाडीच्या मुखावरच्या किल्ल्यासाठी भांडले फिरंगी आणि सुलतान; मेली मात्र कांदळखारची पोरे!

इनास म्हातारा क्रुसाच्या पाड्याचा पुढारी. त्याचे दोन्ही मुलगे सुलतानाच्या तोफेने गेले, त्याला वीस वर्षे झाली. आताशा इनासला वैराचाही कंटाळा आला होता. पण हे ओझे उतरवायचे कुठे, ते त्याला कोणी शिकवले नव्हते.

खारभूमीचा जुना रिवाज असा, की उधाणाने बांध फुटला, म्हणजे खांड पडली, की आरोळी ऐकणाऱ्याने हातचा घास टाकून धावायचे. आरोळी कोणाची का असेना! किल्ल्याच्या लढाईनंतर तो रिवाज मोडला. ज्याने त्याने आपापला बांध लिंपला, आणि दोन पाड्यांच्या शिवेवरचा दोन हात बांध कोणाच्याच वाट्याला आला नाही. तेवढा चांदबी एकटी लिंपायची. मशिदीच्या पाड्यातली, फिरंग्यांच्या गोळीने विधवा झालेली ही गरीब बाई महाराजांना फार मानायची. महाराज माती कालवून देत आणि ती टोपलीने टाकत असे.

"नवऱ्याच्या वैऱ्यांची शेतां राखतंस काय गो?" इनास हसायचा. "आनि तुजा बुवा काय चिखलानं दर्या अडवनार?"

चांदबी पुढची टोपली भरायची. महाराज म्हणत, "बघू या, अडतो का."

श्रावणातल्या अमावास्येला भर दुपारी उधाण आले आणि नेमकी शिवेवर खांड पडली. भात पोटरीला आलेले, लोंबी फुटायच्या बेतात. खारे पाणी आत शिरले, की तीन वर्षे दोन्ही पाड्यांच्या तोंडात माती! चांदबीने घसा फोडून आरोळी दिली. मशिदीच्या पाड्याने म्हटले, ही परक्यांची शेते राखते, हिचे काय ऐकायचे? क्रुसाच्या पाड्याने कानांवर हात ठेवले. इनासने मात्र बुवाची फजिती पाहायची म्हणून काठी उचलली आणि जड पावलांनी तो बांधावर आला.

पाहतो तो काय! महाराज खांडीत कमरेइतक्या चिखलात उभे होते. पलीकडे समुद्र त्यांच्या छातीइतका चढला होता, पण अलीकडे थेंबही येत नव्हता. पाण्यावर हात ठेवून महाराज म्हणत होते, "दर्यादेवा, जरा दम धर. माझी लेकरे पाचशे वर्षांची दमलेली आहेत. त्यांना यायला उशीर होतो."

इनास आणखी पुढे गेला. चांदबी धापा टाकत माती ओतत होती, तीही इनासच्या शेताच्या बाजूने.

"माज्या बाजूनं कशाला?" त्याने कसेबसे विचारले.

"तुमचा शेत सखल हाय, इनासबाबा. पानी पयला तिकडंच धावतं."

एवढेच ती म्हणाली आणि पुन्हा मातीकडे वळली. मुलगे गेले तेव्हाही इनास रडला नव्हता. आता त्याच्या डोळ्यांना धार लागली. काठी टाकून त्याने दोन्ही पाड्यांकडे तोंड करून वीस वर्षांत न दिलेली आरोळी दिली, "खांड पडली होऽऽ! धावा रे सगले!"

त्या आवाजाला दोन्हीकडची माणसे धावली. कोणाची टोपली कोणाच्या डोक्यावर गेली, ते कोणी पाहिले नाही. शेवटची टोपली पडली, महाराज वर आले, आणि मगच समुद्र धाडकन बांधावर आदळला. बांध जागचा हलला नाही!

इनास महाराजांच्या पायांशी वाकला. महाराजांनी पाय मागे घेतले. "मी नुसता उभा होतो रे बाबा. वीस वर्षे माती कोणी टाकली?"

म्हातारा वळला. चिखलाने माखलेल्या चांदबीपुढे त्याने हात जोडले आणि मान खाली घातली. "भाबी," तो म्हणाला, "मी लय दमलोय." चांदबीने आपली टोपली पालथी घातली आणि त्याला तिच्यावर बसवले.