बिबट्याच्या अंगावरची तीट

एका राज्यात, दिवस उगवून दोन घटका झाल्या होत्या, तेव्हा हे सुरू झालं. राणी केतकीने राजपुत्र हेमांगाला न्हाऊ घातलं, पाळण्यात निजवलं, आणि तीट लावायची तेवढी राहिली. बाळ रात्रभर रडलेलं होतं. राणीचा बसल्या जागी डोळा लागला.

भिक्षेला आलेल्या मांत्रिकाची नजर पाळण्यावर पडली. "काय सोन्यासारखं लेकरू," एवढं म्हणून तो गेला. राणी जागी झाली तर पाळण्यात पिवळाधमक बछडा. अंगावर एक डाग नाही. पाहता पाहता तो उडी मारून रानात गेला.

राजा म्हणाला, "त्या जनावराने बाळ खाल्लं. त्याचं कातडं आणा."

"महाराज, ते जनावरच आपलं बाळ आहे."

"राणीसाहेब, तुमची झोप झालेली नाही."

शिकारी निघाले. राणीही मागच्या दाराने निघाली. पाय उचलत नव्हते, पण एकदा बसली असती तर उठली नसती.

वेशीवर साळुंकी होती. "बाई, कुठे निघालीस?"

"बाळाला तीट लावायला."

"सकाळीच लावली असतीस तर मला तोंड उघडावं लागलं नसतं. आता ऐक. मांत्रिकाची दृष्ट लागलीय. सूर्य बुडेपर्यंत डाग टिकला तर ती उतरेल."

साळुंकी वाट दाखवत पुढे उडाली. रानात बछडा आपणहून राणीच्या मांडीवर आला. राणीने त्याच्या कपाळाला काजळ लावलं. त्याने पंजा चाटून तोंड पुसलं, काजळ गेलं. मग तिने जांभळाचा रस लावला. तो ओढ्यात उतरला, रस वाहून गेला. राणीला रडूसुद्धा आलं नाही, इतकी ती दमली होती.

तेव्हा तिला आठवलं, वाड्यातल्या चादरींवर परीट बिब्ब्याची खूण करतो, ती कितीही धुतली तरी जात नाही. तिने झाडाखालचा बिब्बा उचलला, काट्याने टोचला, आधी आपल्याच मनगटाला लावून पाहिला. फोड आला. मग तिने बाळाच्या कातडीला धक्का न लावता नुसत्या केसांच्या टोकांना ठिपका दिला.

"झालं," साळुंकी म्हणाली. "एक पुरे."

"पुरेल. पण कानामागे उघडंच आहे."

तिने कानामागे लावला. मग पाठीवर, पोटावर, शेपटीवर. साळुंकी पुरे पुरे म्हणत राहिली, राणी लावत राहिली.

शिकारी आले. पानांच्या सावलीत ठिपक्यांचा बछडा त्यांना सावलीसारखाच दिसला.

"आईसाहेब, पिवळं जनावर पाहिलंत?"

"पिवळं नाही पाहिलं."

ते पुढे गेले. सूर्य बुडाला. कातडं पोटापाशी उकललं आणि हेमांग रडत बाहेर आला. रिकामं कातडं थोडा वेळ पडून राहिलं, मग अंग झाडून उठलं आणि झाडावर चढून गेलं.

"बिब्ब्यांनी भरलाय," साळुंकी म्हणाली. "बिबट्याच म्हणा त्याला."

शिकाऱ्यांमागून रानात आलेला राजा बाळाचं रडणं ऐकून धावत आला. त्याने पागोटं सोडून बाळ गुंडाळलं. "राणीसाहेब, तुम्ही निजा. आज मी जागतो."

तेव्हापासून त्या जनावराचं नाव बिबट्या. तो दिसला तर दुरूनच वाट द्या, दगड मारू नका. त्या ठिपक्यांत एका आईचा हात आहे. आपल्या लेकरांना मात्र काजळच लावा, बिब्बा फार भाजतो. आणि ज्या घरी पाळणा हलतो, तिथल्या बापमाणसाला तेवढं सांगा, एक रात्र त्याने जागावं.