सावरीवरचं न दिसणारं मोहोळ

फार फार वर्षांपूर्वी, म्हणजे तुमच्या आजोबांच्या आजोबांनाही दात आले नव्हते तेव्हा, एक रान होतं. रानात वाघ सभा घ्यायचा आणि बाकीचे माना डोलवायचे.

वाघाच्या गुहेवर आग्या मोहोळ लटकत होतं. हे साधंसुधं मोहोळ नाही हां. एक दगड बसला की माशा सुटतात आणि दिसेल त्याला फोडून काढतात. म्हणून वाघाच्या वाटेला कुणी जायचं नाही. तसंच एक अस्वलाकडेही होतं.

एकदा सभेत वाघ म्हणाला, "मोहोळ फार वाईट. चुकून उठलं तर अख्खं रान सुजेल. आजपासून नवीन मोहोळ कुणी बाळगायचं नाही. आमची दोन आहेत ती राहू देत. आम्ही समजूतदार आहोत."

अस्वलाने मान डोलवली. मग सगळ्यांनीच डोलवली.

थोड्याच दिवसांत कोल्ह्याच्या बिळावर, सावरीच्या झाडाला, परातीएवढं मोहोळ लागलं. पण कोल्हा पडला वाघाचा लाडका. वाघ रोज त्या झाडाखालून जायचा, चुकूनसुद्धा वर बघायचा नाही.

शेजारी साळिंदर राहायचं. त्याचा नुसता जळफळाट! परवापर्यंत हाच कोल्हा तरस दिसलं की शेपूट घालून साळिंदराच्या बिळात घुसायचा. आता तेच तरस त्याला म्हणायचं, "या कोल्होबा, आधी तुम्ही प्या पाणी!" आणि साळिंदराची पिल्लं तळ्यावर गेली की दात विचकायचं.

"त्याला चालतं, मग मला का नाही?" साळिंदर बायकोला म्हणालं.

"अहो, त्याचं त्याच्यापाशी. तुम्ही कंद खा गुमान."

कंद कसला गोड लागतोय! साळिंदराने चिखल आणि सुकं गवत मळून गोळा केला, आपल्या झाडाच्या खालच्या फांदीत अडकवला आणि रानभर सांगत सुटलं, "आमच्याकडेही आहे बरं का!"

तरस खरंच दबकलं. साळिंदराचे काटे ताठ झाले. पण बातमी वाघाच्या कानावर गेली. हुकूम सुटला, "साळिंदराच्या घरच्यांना तळं बंद!"

पिल्लांचे घसे सुकले. बायको म्हणाली, "सांगून टाका ना, नुसतं गवत आहे म्हणून."

"सांगितलं की तरस दारात हजर! आणि कोल्हा हसेल ते वेगळंच."

खरं सांगू? त्याला ते दुसरंच जास्त टोचत होतं.

शेवटी वाघ स्वतःच मोहोळ जाळायला आला. अस्वलाच्या हातात धुमसतं गवत. कोल्हा मजा बघायला पुढे.

"वाघोबा, आधी ते बघा की!" साळिंदराने सावरीकडे पंजा केला.

वाघाने मान वर केली, डोळे बारीक केले. "कुठे? मला तर काही दिसत नाही."

"अहो, गुणगुणतंय!"

"वारा असेल," अस्वल म्हणालं.

धूर केला. गोळा धपकन पडला आणि फुटला. आत माशी नाही की मध नाही. कोल्हा पोट धरून लोळला.

तेवढ्यात वारा फिरला. जे कुणालाच दिसत नव्हतं, त्याला धूर लागला.

मग काय विचारता! माशांना वाघ कोण, लाडका कोण, काही कळत नाही. वाघ पळाला, अस्वल पळालं, कोल्हा तर सगळ्यांच्या पुढे. साळिंदराच्या पाठीला काटे होते, पण नाकाला नव्हते ना! सगळ्यांनी तळ्यात उड्या टाकल्या.

माशा शांत झाल्यावर बिळातली पिल्लं आईबरोबर आली आणि पोटभर पाणी प्यायली. अडवणार कोण? अडवणारे नाकापर्यंत पाण्यात होते. वाघाचे दोन्ही डोळे सुजून बंद. आता त्याला खरंच काही दिसत नव्हतं.

साळिंदराने हळूच बायकोला विचारलं, "कोल्ह्याला किती चावल्या गं?"

"तुमच्यापेक्षा जास्त."

"मग ठीक आहे," म्हणत त्याने पुन्हा बुडी मारली.

त्या दिवसापासून वाघाने कुठलाही नियम सांगितला, की रान लगेच मान डोलवत नाही. आधी सगळे सावरीकडे बघतात.

तात्पर्य : ज्याला आपल्या लाडक्याच्या दारातलं मोहोळ दिसत नाही, त्याला ते एक दिवस चावून दाखवतं.