अंजनीची हाक

एका राज्यात सात वर्षं चैत्र आला नि गेला, पण रानात एकही झुडूप फुललं नाही. राजा वीरबाहूनं शिकारीची वाट मोकळी करायला ते रान जाळलं होतं. "नुसती झुडपं तर आहेत," तो म्हणाला होता. त्याच दिवसापासून रानाच्या शापानं त्याची पावलं लाकडाची होऊ लागली. आता लाकूड छातीखाली पोचलं होतं.

राजकन्या उत्पला दूरदेशीच्या गुरुकुलातून परतली, तेव्हा तिच्या खिडकीत एक भारद्वाज पक्षी येऊन बसला. तो म्हणाला, "जळक्या रानात तीन झुडपं उरली आहेत. कळी दिसेपर्यंत समोर बस, मग नावानं हाक मार. तिन्ही फुलली तर राजा वाचेल. नाव चुकलं तर लाकूड वीतभर चढेल."

"नावं मला पाठ आहेत," उत्पला म्हणाली.

पहिल्या झुडपापुढे ती तीन दिवस बसली. लाल कळी दिसताच म्हणाली, "धातकी!"

कळी गळून पडली. महालात राजा किंचाळला. लाकूड काळजाशी येऊन थांबलं.

मागे मोळी बांधणारी झिमा म्हातारी हसली. "हाक कुणाला मारतेस पोरी, पोथीला? ही धायटी."

"धायटी," उत्पला म्हणाली, आणि फांदी लालभडक झाली.

दुसऱ्या झुडपापुढे 'कुटज' हा शब्द तिनं ओठांतच गिळला. "आजी, याला काय म्हणता?"

"कुडा."

तिनं हाक मारली आणि कुडा पांढराशुभ्र फुलला.

तिसऱ्यापाशी झिमानं तोंड फिरवलं. "हे नाव मी घेत नाही. माझ्या लेकीला मी याचंच नाव ठेवलं होतं. सरपणाला आली होती ती. तुझ्या बापाच्या आगीत गेली."

उत्पलानं पोथीतलं नाव उच्चारलं नाही. तिनं पालखी धाडून राजाला झिमासमोर आणवलं.

राजा म्हणाला, "दोष माझा आहे, बाई."

"दोष घेऊन मी काय करू? चूल पेटवू?"

मग उत्पलानं हळूच विचारलं, "सात वर्षांत तिला एकदाही हाक मारली नाहीस, आजी?"

झिमा काड्यांवरच्या मोहरीएवढ्या कळ्यांवर वाकली. मग खेळायला गेलेल्या लेकराला बोलवावं तशी ओरडली, "अंजने! ए अंजने! चल गं घरी!"

काडीन् काडी निळी झाली. राजाच्या पायांत रक्त उतरलं. शाप सुटला. शिकारीची वाट कायमची बंद झाली, आणि तिच्यावर रान पुन्हा रुजलं.

त्या दिवशी सगळे आनंदानं नगरात परतले. झिमा मात्र तिथंच उभी राहिली. लेकीला हाक मारली होती; ती येईपर्यंत थोडं थांबायला हवं.