बिट्टीची नंगूपंगू गाडी

एक होती उंदरी. इटुकली पिटुकली. नाव तिचं बिट्टी.

बिट्टीकडे होती रिमोटची गाडी. घरमालकीण मालूमावशी रिमोट दाबायची, बिट्टी आत बसायची. भुर्रर्र!

गाडीच्या वरच्या टोपणाला बिट्टीनं रंग दिला. लाल लाल! पण दिला बाहेरून. गाडी दगडाला घासली. खर्रर्र! रंग खरडला, टोपण फुटलं.

बिट्टी रडली, मुसू मुसू. संध्याकाळी तर शर्यत!

मावशीनं दिलं नवं टोपण. पण ते आरपार दिसणारं! रंगच नाही! नंगूपंगू गाडी शर्यतीत घेतात का? छे!

बिट्टी निघाली. तुरू तुरू, तुरू तुरू.

"ब्रशदादा, ब्रशदादा! गाडी माझी नंगूपंगू! रंगव ना!"

"रंगवीन की! आतून रंगवीन, म्हणजे खरडणार नाही. पण खिडक्या कोण झाकणार? टेप चिकटल्याशिवाय मी नाही रंगवणार!"

तुरू तुरू, तुरू तुरू.

"टेपताई, टेपताई! ब्रश रंगवेना, गाडी माझी नंगूपंगू! चिकट ना!"

"शी! टोपण तेलकट! फडक्यानं पुसल्याशिवाय मी नाही चिकटणार!"

तुरू तुरू, तुरू तुरू.

"फडकेकाका, फडकेकाका! टेप चिकटेना, ब्रश रंगवेना, गाडी माझी नंगूपंगू! पुसा ना!"

"कोरडा कोरडा कसा पुसू? नळ वाहिल्याशिवाय मी नाही पुसणार!"

तुरू तुरू, तुरू तुरू.

"नळोबा, नळोबा! फडकं पुसेना, टेप चिकटेना, ब्रश रंगवेना, गाडी माझी नंगूपंगू! वाहा ना!"

"मला फिरवायला मोठा हात हवा. मावशी उठल्याशिवाय मी नाही वाहणार!"

तुरू तुरू, तुरू तुरू.

"मावशी, मावशी! नळ वाहेना, फडकं पुसेना, टेप चिकटेना, ब्रश रंगवेना, गाडी माझी नंगूपंगू! ऊठ ना!"

"कशी उठू गं बाळा? मांडीवर मनी झोपलीय. मनी उठल्याशिवाय मी नाही उठणार!"

मनी? बाप रे! मनी म्हणजे मांजर!

बिट्टीची छाती धडधड धडधड. मनी घोरते, घुर्रर्र घुर्रर्र. पण संध्याकाळी शर्यत!

बिट्टीनं टोपण अंगावर घेतलं. गेली मनीच्या कानाशी. ओरडली,

"मावशी उठेना, नळ वाहेना, फडकं पुसेना, टेप चिकटेना, ब्रश रंगवेना, गाडी माझी नंगूपंगू! ऊठ गं मने!"

म्यांव! मनीनं घातली झडप! नख्या टोपणावर. चर्र! चर्र! आत बिट्टी दिसते, पण हाती काही लागत नाही!

"हड् मने!" मावशी ओरडली. मनी पळाली, धुम्म!

मावशी उठली, नळ वाहिला, फडक्यानं पुसलं, टेप चिकटली, ब्रशनं रंगवलं. आतून! लाल लाल लाल!

पण अरेरे! वर मनीचे ओरखडेच ओरखडे. बिट्टीचे डोळे भरले.

मावशी हसली. "वेडाबाई! नव्या टोपणावर पातळ पापुद्रा असतो. माझ्या बोटांना त्याचं टोक सापडेना. तुझे दात बारीक. धर आणि ओढ!"

कुट्ट! बिट्टीनं धरलं. टर्रर्र! पापुद्रा निघाला, ओरखडे गेले. गाडी चकाचक! टेपताई सुटली, खिडक्या आल्या. खिडकीत बिट्टी!

शर्यत सुरू! भुर्रर्र! बिट्टी पुढे, सगळ्या गाड्या मागे. सगळ्यांच्या मागे मनी. बिट्टीचा आला पहिला नंबर, मनीच्या तोंडात नुसती धूळ!

गोष्ट झाली रंगवून. ठेवली आता वाळवून. हात नाही हं लावायचा!