नावाड्याची शेवटची खेप

फार जुनी गोष्ट आहे. नद्यांवर अजून पूल नव्हते, तेव्हाची. एका रुंद नदीच्या काठी एक गाव होते. गावाचे स्मशान पलीकडच्या तीरावर होते, म्हणून तिथल्या प्रत्येक माणसाचा शेवटचा प्रवास नावेतून होई.

त्या गावात एक भाट होता. कुणी गेले की तो चांदीच्या मुठीची काठी घेऊन नावेत उभा राही आणि गेलेल्याचे सात गुण गाई: मितभाषी, मृदुभाषी, शांत, दानशूर, धर्मशील, सत्यवचनी, सर्वांना प्रिय. आजोबांकडून वडिलांना आणि वडिलांकडून त्याला आलेले हे सात गुण. पाटलांच्या आईला तेच आणि गुराख्याच्या बापालाही तेच. मरणापुढे सगळे सारखे, असे भाट म्हणे, आणि त्याला ते मनापासून पटलेले होते.

एके वर्षी, वरच्या डोंगरात पाऊस होऊन नदी फुगलेली असताना, गावचा म्हातारा नावाडी वारला.

हा नावाडी बोलायला मोठा फटकळ. नावेत कुणी पाय ठेवला की त्याच्या तोंडाचा पट्टा सुरू होई. समोर मानकरी आहे की गडी, हे तो पाहत नसे. त्याला मुलगा नव्हता, त्यामुळे वल्हे आणि चितेचा विस्तव, दोन्ही त्याच्या लेकीच्याच हाती आले.

ती भाटाकडे गेली. "भाटबाबा, एक मागते. बाबांना ते सात गुण नका लावू. ते नावेत जसं बोलायचे, तसंच आज बोलू द्या."

"शिव्या? मढ्यासमोर?" भाट उसळला.

"शिव्या नव्हत्या त्या."

"मला काय म्हणायचा, ठाऊक आहे ना? 'भाटा, तोंड मीट आणि बूड टेक!' चारचौघांत! तीस वर्षं ऐकून घेतलं मी. आज तरी त्याची अब्रू झाकू दे मला." भाटाने काठी जमिनीवर आपटली. "आणि नीट ऐक. नावेत माझ्याशिवाय कुणी एक शब्द काढला, तर मी ही काठी खाली ठेवीन. विधी मोडला, की प्रेत माघारी."

लेकीने मान खाली घातली. सूर्य कलला होता. दिवस मावळायच्या आत अग्नी द्यायचा, असा गावचा नेम होता.

भाटाने मानाप्रमाणे माणसे बसवली. तिरडीच्या उजव्या हाताला पाटील, सोनार, वैद्य आणि भरल्या अंगाचे आणखी तिघे. डाव्या हाताला गुराखी आणि दोन किडकिडीत भाऊबंद. लेक मागे वल्ह्यावर बसली. तिच्या पायाशी विस्तवाचे मडके होते.

"भाटबाबा, उजवीकडे वजन फार..."

"मान उजवीकडचाच असतो. आता एक शब्द नाही!"

नाव सुटली. पाणी गढूळ होते आणि त्याला ओढ होती. भाट पुढच्या टोकाशी उभा राहिला आणि त्याने काठी उंचावली.

"हा नावाडी मितभाषी होता."

गुराख्याने खालचा ओठ चावला.

"मृदुभाषी होता."

सोनाराला हसू आवरेना. खोकल्याचे निमित्त करून तो काठाबाहेर वाकला. तेवढ्यात डावीकडून मोठी लाट आली. नाव उजवीकडे कलली. पाटलांनी घाबरून उजवा काठ धरला आणि ती आणखी कलली. पाणी आत आले. तिरडी एक वीत सरकली. पाणी मडक्यात शिरले आणि विस्तव चर्र वाजला.

कुणी ओरडले नाही. विधी मोडेल या भीतीने सगळे दात आवळून बसले होते.

भाटाने लेकीकडे पाहिले. तिच्या मानेच्या शिरा तटतटल्या होत्या, पण ओठ घट्ट मिटलेले होते. ती त्याच्याचकडे पाहत होती. गाठ त्याने मारली होती, सोडायचीही त्यानेच.

पुढचा गुण होता 'शांत'. तो शब्द भाटाच्या तोंडून निघेना. दुसरी लाट येताना दिसली. काठी त्याच्या हातातून गळून पडली.

"बोल पोरी!" तो ओरडला. "बापासारखं बोल!"

आणि लेक गरजली. "ए ढेरपोट्या पाटला, मध्ये सरक! नदीला तुझी पाटीलकी कळत नाही! सोनारा, हलू नकोस, इथला तराजू माझा आहे! वैद्यबुवा, हात आत घ्या, नदीची नाडी नंतर बघा!"

काय नवल सांगावे! कुणाला रागवायलाही वेळ मिळाला नाही. ते शब्द कानांवर पडताच अंगे आपोआप हलली. वर्षानुवर्षांची सवय होती ती. पाटील मध्ये सरकले, सोनार थिजला, वैद्यांनी हात आत घेतले.

"आणि भाटा, तोंड मीट आणि बूड टेक!"

भाट धपकन खाली बसला. लाट आली, नावेखालून निघून गेली, आणि नाव सरळ झाली.

उभ्या माणसाने नाव डोलते, एवढी साधी गोष्ट भाटाला तीस वर्षांनी कळली होती. आणि आणखी एक गोष्ट आठवली: त्या तीस वर्षांत या नावेतून एकही माणूस बुडाला नव्हता.

पलीकडे चिता रचली गेली. मडक्यात एकच निखारा धुगधुगत होता. भाटाने सात गुणांसाठी तोंड उघडले, पुन्हा मिटले, आणि लोकांना विचारले, "तुम्हाला काय म्हणायचा हो तो?"

एकेकाने सांगितले. कुणी हसत सांगितले, कुणाला सांगताना हुंदका आला. गुराखी सगळ्यांत शेवटी बोलला. "मला म्हणायचा, 'काटक्या, सगळ्यांत हलका तू, म्हणून कडेला बस. तुझ्या भरवशावर नाव आहे.' मला दुसरं कुणी कधी भरवशाचा म्हटलं नाही."

भाट चितेकडे वळला. "हा नावाडी गोड बोलत नव्हता," तो म्हणाला. "पण ज्याला तो ओरडला, तो तरला."

सूर्याची शेवटची कड पाण्याला टेकली होती. लेकीने निखाऱ्यावर फुंकर घातली आणि अग्नी दिला.

पुढे भाटाने ती काठी पुन्हा उचलली नाही. तो लोकांच्या ओट्यांवर जाऊन बसू लागला, जिवंत माणसांचे ऐकू लागला. आणि कुणी गेले की त्या माणसाबद्दलचे खरे तेच बोलू लागला. ज्याच्याबद्दल काही ठाऊक नसे, त्याच्याबद्दल आधी घरच्यांना विचारी.

खूप वर्षांनी भाटही गेला. त्याची तिरडी नावेत ठेवली गेली. नावाड्याची लेक, आता तीही पिकलेली, वल्हे हाती घेऊन हळूच म्हणाली, "भाटबाबा, बूड टेकलंत ना नीट? चला मग." सारी नाव रडता रडता हसली, आणि न डोलता पलीकडे पोहोचली.

बोध: गेलेल्याला उसने गुण देऊ नयेत, तो जसा जगला तसाच आठवला, तरच निरोप त्याला पोहोचतो.