न बुडणारी घटी

एका राज्यात पाणी शेवटून सुरू होई.

शेवरी नावाची नदी होती. तिच्यावर दगडी बंधारा होता. बंधाऱ्यातून सात कोसांचा पाट निघे. पाटाच्या तोंडाशी राजाचा मळा, पार शेवटाला टोकवाडी, आणि मधे नऊ गावे. पाणी सोडले की आधी टोकवाडीला जाई. तिचे रान भिजले की वरचे गाव, मग त्याच्या वरचे. सर्वांत शेवटी राजा. टोकाला आधी पाणी द्यायचे म्हणजे सात कोस पाट साफ ठेवावा लागतो, आणि वरच्याला आपल्या दारावरून पाणी जाताना नुसते बघावे लागते. दोन्ही गोष्टी माणसाला बऱ्या.

पाळी मोजायला तांब्याची वाटी होती. बुडाला बारीक छिद्र. तिला घटी म्हणत. पाण्याने भरलेल्या घंगाळात ती सूर्योदयाला ठेवायची. छिद्रातून पाणी आत येई, वाटी हळूहळू भरे, दिवे लागायच्या सुमाराला बुडे. बुडाली की पाळी संपली. एका गावाचे पाटावरचे दार लावायचे, दुसऱ्याचे उघडायचे. घटी तरंगते आहे तोवर मात्र दुसऱ्याच्या दाराला हात लावायचा नाही. त्या राज्यात चोऱ्या झाल्या होत्या, खून झाले होते. पाळी कोणी मोडली नव्हती.

घटी सांभाळणारा पाटकरी सिदोजी. उंच, वाळका, तुटक बोलणारा. फावडे खांद्यावर टाकून पाटावरून निघाला की लोक पागोटे सावरून उभे राहत. त्याची एकुलती लेक येसू टोकवाडीला दिलेली होती.

राजा हेमकंठाने नागवेलीचा मळा लावला. पानवेलीला पाणी फार. राजाने सिदोजीला बोलावले.

"सिदोजी, यंदा पहिली पाळी आमची."

"महाराज, आपली शेवटची."

"आम्ही राजे आहोत."

"म्हणूनच शेवटची."

राजाने त्याच्या खांद्यावरचे फावडे काढून घेतले. घटीही घेतली. मग खर्पर नावाच्या मांत्रिकाला बोलावले. खर्पर चाले तिथे राखेची पावले उमटत.

खर्पर म्हणाला, "राजा, पाळी मोडू नकोस. लोक उठतील. पाळी घे, आणि संपू देऊ नकोस."

त्याने घटी उन्हाकडे धरून पाहिली. हसला. तिच्यावर फुंकर घातली आणि राजाच्या दाराशी घंगाळात सोडली. दार उघडले. पाणी आत वळले. दिवे लागले, घटी तरंगत होती. दुसरा दिवस गेला, पंधरवडा गेला, घटी तरंगत होती.

दहा गावांची माणसे फावडी घेऊन चालून आली. त्यांनी घटी पाहिली आणि खाली बसली. पाळी चालू होती. दाराला हात कसा लावणार? ती बसली ती बसलीच. घरी जाऊन येत, पुन्हा बसत, घटीकडे बघत.

सगळी नदी राजवाड्याखालच्या तळघरात शिरली. खर्पराने तळघराचा तळ काढून टाकला होता, म्हणून ते भरत नव्हते. पाणी तिथे काळे होऊन उभे राहिले. राजाने त्याला खजिना म्हटले आणि पहारा बसवला. पहारेकरी ओंजळभर प्यायला, तर त्याची तहान दुप्पट झाली. पानवेलीची मुळे साचल्या पाण्याने कुजली.

तिसऱ्या महिन्यात नदी बोलली. सर्वांनी ऐकले.

"हेमकंठा, तू मला थांबवलंस. मी वाहेपर्यंत तुला थांबता येणार नाही."

राजा सिंहासनावरून उठला आणि चालू लागला. त्याला बसता येईना, टेकता येईना. जेवण चालता चालता, न्याय चालता चालता. रात्री दोन सेवक त्याला दंडाला धरून फिरवीत, तो चालत झोपे. प्रधान कागद घेऊन मागे धावे, त्याच्या मागे वैद्य, त्याच्या मागे पंखेवाला. दालनातली फरशी झिजून तिला चर पडला. अशी दोन वर्षे गेली.

गावांतही कोणाला स्वस्थता नव्हती. विहिरी आटल्या. बायका घागरी घेऊन निघत आणि घागरी घेऊनच परत येत. गुरे रात्रंदिवस खुंट्याभोवती फिरत. घंगाळापाशी सगळे येऊन जात, एक सिदोजी सोडून. तो कोरड्या पाटातून रिकाम्या हातांनी येरझारा घाली.

भाद्रपदात येसू बापाकडे आली. उंबऱ्यातच उभी राहिली.

"आबा, टोकवाडीत शाळूचं एक कणगं बियाणं उरलंय. दसऱ्यापर्यंत रानात पाणी आलं नाही तर ते दळायचं आणि गाव सोडायचं. ठरलंय."

"कुठे जाणार?"

"पाणी असेल तिथे. कुठे आहे ते तुमच्या घटीला विचारा."

सिदोजीने तोंड फिरवले. येसू निघून गेली.

तो उठला आणि नदीच्या पात्रात गेला. तिथे एक टिटवी दगडांवरून पळत होती. थांबत होती, ओरडत होती, पुन्हा पळत होती.

"सिदोजी," टिटवी म्हणाली, "दोन वर्षं मला अंडी घालायला ओली वाळू मिळाली नाही. तुला झोप येते?"

"नाही."

"मग ऐक. तीन कामं आहेत. पाणी नसताना सात कोस पाट उपसायचा. राजाने तळघरातली एक घागर शेवटच्या माणसापर्यंत न्यायची, वाटेत स्वतः न पिता. आणि घटी का बुडत नाही, हे ज्याला ठाऊक आहे त्याने चारचौघांत सांगायचं."

"ठाऊक खर्पराला आहे."

टिटवीने मान वाकडी करून त्याच्याकडे पाहिले. "पहिल्या कामाला लाग," म्हणाली आणि उडाली.

सिदोजीने शेजाऱ्याचे फावडे मागून घेतले आणि टोकाकडून पाट उपसायला सुरुवात केली. लोक काठावर जमले.

"पाटकरी, पाण्याचा थेंब नाही आणि पाट उपसताय?"

"उद्या म्हैस नसताना धार काढायला बसतील!"

"बसू दे. आपण तरी काय करतोय? एक वाटी बघत बसलोय."

येसू पदर खोचून पाटात उतरली. "हसा हो, खुशाल हसा. पण हसताना हात रिकामे का? फावडी घ्या."

आधी दोघे उतरले, मग दहा, मग दहाही गावे. दोन वर्षांची वाळू आणि पालापाचोळा वर आला. चौथ्या कोसाला गाळाखाली एक म्हातारे कासव निघाले. ते म्हणाले, "हळू," आणि सरकून वाट दिली. एकविसाव्या दिवशी पाट तोंडापर्यंत साफ झाला. दसऱ्याला बारा दिवस उरले.

सिदोजी राजवाड्यात गेला. राजा चरातून चालत होता. सिदोजी शेजारून चालू लागला.

"काय आहे?"

"महाराज, आपल्याला चालायचंच आहे. मग पाणी घेऊन चाला."

"कुठे?"

"टोकवाडीला, शेवटच्या घरापर्यंत. वाटेत आपण प्यायचं नाही."

प्रधान धापा टाकत म्हणाला, "महाराज... इतक्या लांब... मला जमायचं नाही."

"तुम्ही बसा," राजा म्हणाला. प्रधान तिथल्या तिथे बसला आणि रडू लागला. दोन वर्षांत त्याला हा हुकूम मिळाला नव्हता.

राजाने तळघरातून घागर भरली आणि डोक्यावर घेतली. पाणी काळे होते. त्याला तहान लागलेली होतीच. सात कोस तो पाटाच्या काठाने चालला. प्रत्येक कोसाला घागर उतरवून आत बघे. पाणी दर कोसाला निवळत होते, आणि निवळेल तशी तहान वाढत होती. तो प्यायला नाही. आपल्या राज्यात नऊ गावे मधे आहेत हे त्याने तेव्हा पायांनी मोजले.

टोकवाडीच्या शेवटच्या घरासमोर भिवाई नावाची म्हातारी बाज विणत होती. अनवाणी, धुळीने भरलेला माणूस तिला कोण ते कळले नाही.

"कुठला रे तू? उभा राहा जरा."

"उभं राहता येत नाही, आई."

"मग गोल फिर. पण घागर दे आधी."

राजा तिच्या बाजेभोवती फिरू लागला. भिवाई पाणी प्यायली, तिने सुनेला दिले, शेजारच्या चार घरांना दिले, वासराला दिले. मग बुडाशी उरलेले घोटभर पाणी तिने त्याच्यापुढे धरले.

"घे. पाणी आणणाऱ्याने शेवटी प्यायचं. इथली रीत आहे. तुमच्याकडे नाही का?"

"होती," राजा म्हणाला. प्यायला. दोन वर्षांत पहिल्यांदा त्याची तहान भागली. पाय मात्र थांबले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर्व, गाडीत बसून भिवाईसुद्धा, राजाच्या दाराशी जमले. घटी घंगाळात तरंगत होती. राजा घंगाळाला फेऱ्या घालत होता. खर्पर राख झटकीत आला.

सिदोजी म्हणाला, "खर्परा, घटी का बुडत नाही ते सांग."

"मी सांगू?" खर्पर हसला. "चांगल्या वाटीवर माझा मंत्र चालत नाही, पाटकरी. मी तिला उन्हाकडे धरलं, तेव्हा मला काय दिसलं ते तू सांग."

टिटवी बंधाऱ्यावरून ओरडली. भिवाई म्हणाली, "सिदोजी, तू घटीकडे का बघत नाहीस रे?"

सिदोजीने पागोटे काढले. लोकांनी त्याला बोडक्या डोक्याने कधी पाहिले नव्हते.

"छिद्रात मेण आहे," तो म्हणाला. "बाजरीच्या दाण्याच्या निम्मं. मी लावलं. येसू टोकवाडीला गेली त्या वर्षापासून आठ वर्षं टोकवाडीच्या पाळीला लावत होतो. छिद्र अरुंद होई, घटी उशिरा बुडे, तिकडे पाणी जास्त जाई. पाळी झाली की काढत होतो. त्या साली टोकवाडीची पाळी यायची म्हणून लावलं, आणि राजाने घटी नेली. मांत्रिकाने त्या मेणावर फुंकर घातली. मंत्र त्याचा, मेण माझं."

राजा चालत चालत म्हणाला, "आम्हाला शेवटची पाळी सांगणारा तूच ना?"

"मीच."

"दोन वर्षं आम्ही इथे बसून राहिलो!" नऊ गावांतून कोणी ओरडला. "गुरं मेली आमची!"

"बोललो असतो तर नाव गेलं असतं," सिदोजी म्हणाला. "म्हणून बोललो नाही."

तो लेकीकडे वळला. "तुला ठाऊक होतं?"

येसूची मान खाली होती. "आमचं रान वरच्यापेक्षा जास्त भिजायचं. दिसत होतं. मी विचारलं नाही."

सिदोजीने बाभळीचा काटा घेतला. घटी उचलली आणि सर्वांच्या देखत छिद्रातून मेण काढले. पुन्हा पाण्यात सोडली. घटीने एक गिरकी घेतली. दोन वर्षांचे पाणी तिच्यात एकदम शिरले आणि ती बुडाली. तांबे घंगाळाच्या तळाला लागल्याचा आवाज सात कोस ऐकू गेला.

राजवाड्याखाली तळघराला तळ आला. काळे पाणी उसळले, दारातून उलटे बाहेर पडले आणि पाटात येता येता स्वच्छ झाले. खर्पराची राख झाली. ती राख पाण्यावरून गेली आणि पुढे कुठल्या तरी वाफ्याला खत म्हणून लागली.

राजाचे पाय थांबले. त्याने इकडेतिकडे पाहिले आणि चिखलात बसला. मांडी घालून बसला. बसल्या बसल्या झोपला. प्रधानाने त्याच्यावर छत्र धरले आणि तोही झोपला.

लोकांनी फावडे आणले. राजाने काढून घेतले होते तेच. सिदोजीने हात मागे घेतले.

"खोट्या मापाचा माणूस पाटावर नको."

"नकोच," नऊ गावे म्हणाली. भिवाईने फावडे येसूपुढे धरले. "हिने विचारलं नाही, पण लपवलंही नाही. आणि हसणाऱ्यांना कामाला लावते."

येसूने फावडे घेतले. पहिला हुकूम सोडला. "टोकवाडीने आठ वर्षं जास्त घेतलंय. यंदा टोकवाडी शेवटी. राजाच्या मागून."

टोकवाडीच्या माणसांनी दसऱ्याचे दिवस बोटांवर मोजले. नऊ गावांचे नऊ, राजाचा एक. मधे एखाद्या दिवशी पाट फुटला की संपले. भिवाई एवढेच म्हणाली, "कणगं झाकून ठेवा. उंदीर फार झालेत."

दहाव्या दिवशी राजा पाटावर आला. "आमच्या मळ्यात काही उरलं नाही. आमची पाळी टोकवाडीला द्या."

"पाळी देता येत नाही, महाराज," येसू म्हणाली. "घ्या आणि शाळू पेरा."

राजाने पाणी घेतले. दिवसभर वाफ्यांची दारे धरली. दिवे लागताना घटी बुडाली, आणि दार त्याने स्वतः लावले.

दसऱ्याच्या सकाळी पाणी सात कोस चालून टोकवाडीत शिरले. सिदोजी आपल्या लेकीच्या बांधावर उभा होता. दहा दिवस तो उभाच होता. लोक म्हणाले, बसा, बसला नाही. येसूने घटी घंगाळात सोडली होती आणि तिच्यावरून नजर काढली नव्हती. दुपार झाली. रानाचा वरचा कोपरा कोरडा होता. ऊन कलले, दिवे लागायची वेळ आली. पाणी कोपऱ्याकडे सरकत होते. चार हात उरले.

घटी बुडाली.

"आबा, बुडाली."

सिदोजीने कोरड्या चार हातांकडे पाहिले. मग दाराकडे पाहिले.

"मग दार लाव," तो म्हणाला.

येसूने दार लावले. सिदोजी बांधावर बसला.

पाचव्या दिवशी रानाला पेरणीजोगा वाफसा आला आणि टोकवाडीने पाभर जुंपली. टिटवीने नदीच्या ओल्या वाळूत चार अंडी घातली. तो कोरडा कोपरा येसूने त्या साली नांगरला नाही. पुढेही नाही. पाटकरी बदलला की नव्याला आधी तिथे नेऊन उभे करतात, मग हातात फावडे देतात.